डब्यात आईस्क्रीम नाही

ओट्यावर, टेबलावर, स्टुलावर, अगदी आजोबांच्या खुर्चीवरसुद्धा आईस्क्रीमचे डबे मांडलेले होते, आणि एकाही डब्यात आईस्क्रीम नव्हतं. होती ती डाळ, उरलेला भात, कोबीचा रस्सा, वाटाणे, भाज्यांच्या साली उकळून गाळलेलं पाणी. सगळं वितळलेलं. फ्रीझरचं दार सताड उघडं, फरशीवर ओघळच ओघळ, आणि बाबा ते मोज्याने पुसत होते. पायातल्या मोज्याने!

"मी आपलं आईस्क्रीम शोधत होतो," बाबा म्हणाले. "प्रत्येक डब्यावर चित्र आईस्क्रीमचंच! माणसाने करायचं काय? म्हटलं, जरा मऊ होऊ दे, म्हणजे कळेल कशात काय आहे. तेवढ्यात डोळा लागला."

ठकी दप्तर पाठीवर तसंच घेऊन दारात उभी राहिली. या घरात आईस्क्रीम शेवटचं कधी आलं, ते तिलाही आठवत नव्हतं. रिकामे डबे मात्र आई शेजारपाजारून मागून आणायची, धुवायची आणि उरलंसुरलं त्यात भरायची. लाल रबर म्हणजे तिखट, पिवळं म्हणजे बेताचं, पांढरं म्हणजे आजोबांचं अळणी. बाबांनी सगळी रबरं काढून एका वाटीत छान गोळा करून ठेवली होती. नीटनेटकेपणाचा झटका त्यांना नेमका तिथेच आला होता.

"बाबा, पहाटेची बस आहे आईची."

"मग? मी कुठे बस अडवलीय?"

आई आली. खांद्याला प्रवासाची बॅग, अजून रिकामीच. चेन अर्ध्यावर अडकायची म्हणून दुरुस्तीला नेली होती. तिने डबे पाहिले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एका डब्यात बोट बुडवलं, वास घेतला, मग दुसऱ्यात. अजून गार होतं, चांगलं होतं. तिने बॅग खुंटीला अडकवली आणि केस वर बांधले.

केस वर बांधले म्हणजे संपलंच.

"वितळलेलं तसंच परत गोठवता येत नाही," आई पातेलं शोधत म्हणाली. "सगळं पुन्हा शिजवते. डाळभात एकत्र करते, रस्सा आटवते, वाटाण्यांचं बघते काहीतरी..."

"आणि बस?"

"बघू."

या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. सायकलीचं 'बघू' झालं होतं, सहलीचंही. पण हे 'बघू' त्या सगळ्यांच्या वरचं होतं. मावशीच्या गावी शिवणकाम शिकवायची जागा होती, आणि उद्या आई पोचली नाही तर ती दुसऱ्या बाईला मिळणार होती. जायची अट एकच, तीही आईनेच स्वतःला घातलेली. आधी फ्रीझर गच्च भरायचा, मगच उंबरा ओलांडायचा.

"पुढच्या वर्षी जा की, सूनबाई," आजोबा आपल्या खुर्चीतले डबे उचलून बसायची जागा करत म्हणाले. "काम काय पळून जातंय?"

"हो ना," बाबांनी ओला मोजा पिळला. "आम्ही कुठे नको म्हणतोय तुला? फक्त तेवढं आमच्या जेवणाचं करून जा."

आणि आई चक्क मान हलवत होती! गॅस पेटवून, पातेल्यात डाळ ओतून, मान हलवत होती.

"फेकून देऊ सगळं!" ठकी किंचाळली.

आई गर्रकन वळली. "अन्न फेकायचं? या घरात?"

 ठकीने दप्तर खाली टाकलं, मोठं ताट घेतलं, त्यावर मावतील तेवढे डबे रचले आणि जिन्याकडे सुटली. पाठीमागून बाबा ओरडले, "अगं, ए! वाटाणे कुठे चालले?"

समोरच्या घराची बेल वाजली. "काकू, तुमचाच डबा परत आणलाय, भरून! आजच संपवायचं हं!" मग वरच्या मजल्यावरची. मग खालच्या टपालवाल्यांची. ठकी धापा टाकत येत होती, ताट भरत होती, जात होती. आई पातेल्यासमोर डाव धरून उभी. अडवत नव्हती. पण ठकी शेवटचा डबा उचलायला गेली तर त्यावर आईचाही हात आला.

"हा राहू दे. आजोबांचा आहे, अळणी. निदान उद्यापुरतं तरी..."

"आई, सोड."

"ठके, ऐक माझं."

दोघी ओढत होत्या. डब्यातलं पाणी दोघींच्या मनगटांवरून टपकत होतं.

आजोबा उठले. दोघींच्या मधून डबा काढून घेतला, चमचा शोधला आणि तिथेच उभ्या उभ्या गारढोण भात खायला लागले.

"उद्याचं उद्या," ते तोंडात घास घेऊनच म्हणाले. "मीठ घाल गं थोडं, ठके. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, मला अळणी आवडतं का म्हणून."

आईने गॅस बंद केला. फ्रीझरचं दार लावायला गेली आणि थांबली. आत, एरवी डब्यांनी झाकलेल्या मागच्या भिंतीवर एक दिवा होता. आई वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"याला दिवा आहे?" ती म्हणाली.

"म्हणजे आता उद्या आम्ही खायचं काय?" बाबांनी विचारलं.

 आई खुंटीवरची बॅग काढून आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.  ठकी श्वास धरून ऐकत होती.

मग चेन ओढली गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.