महिपतरावांची सूचना

महिपतरावांनी फलकावर सूचना लावली रे लावली, की कात्रजच्या आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच्या गाड्या चालकाशिवाय मागे सरकायच्या. मी स्वतः पाहिलंय. पण पंचाहत्तरीनंतर त्यांचे हात थरथरू लागले आणि कॉम्प्युटरवर टाइप केलेली सूचना फलकावर झळकली ती अशी : ‘गगगाडडडी लावववू नये.’ अख्खी सोसायटी पोट धरून हसली. गाड्या जागच्या हलल्या नाहीत.

चिटणीस संजय म्हणाला, “काका, आता आपण आराम करा. सूचना मी लिहितो.”

“तू? तू शेवटी ‘प्लीज’ लिहितोस.”

“मग रविवारपर्यंत एक धड सूचना लावून दाखवा. नाहीतर फलक माझ्याकडे.”

महिपतरावांच्या सुनेनं, नम्रतानं, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं. “बाबा, आता एकच बटण चुकून चारदा दाबलं गेलं, तरी हा एकदाच मोजेल. बाकीचं सोडून देईल.”

“बराच समजूतदार आहे की!”

“या घरात राहून शिकला.”

रविवारी सकाळी फलकावर सूचना होती. एकही अक्षर जास्त नाही.

‘सूचना लिहिणाऱ्याचे हात थरथरतात. मत थरथरत नाही. गाडी काढावी.’

काय सांगू! ज्यांच्याकडे गाडीच नाही, तेसुद्धा खाली येऊन खिसे चाचपून गेले. पण सगळ्यांच्या आधी, पायात चप्पलही न घालता धावत आला तो संजय, स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन.