मोकळी बाजू

गोल्फच्या या मैदानाची आखणी सासऱ्यांनीच केली होती. आज मैदानाला सुट्टी, त्यामुळे सगळीकडे शुकशुकाट होता. सातव्या होलपाशी थांबून त्यांनी काठीने उजवीकडचा वाळूचा मोठा खड्डा दाखवला.

"जावईबापू, त्यात फारसं कुणी पडत नाही. तो नुसता भीती घालायला ठेवलाय. त्याला बिचकून सगळे डावीकडे मारतात."

"डावीकडे तर ऐसपैस मोकळं आहे."

"तसं दिसतं. पण तिथं हलका उतार आहे. चेंडू आपला आपण घरंगळत तळ्यात जातो, आणि मारणाऱ्याला वाटतं, आपण वाचलो."

"मानलं तुम्हाला," जावई हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळी तुमचा फोन आला म्हणून बरं. नाहीतर घरी पोलिसांच्या तावडीतच सापडलो असतो. तुमची मुलगी जिन्यावरून पडली, त्यात माझा काय दोष?"

"इथं येताय हे कुणाला बोलला नाहीत ना?"

"छे. तुम्हीच बजावलं होतंत की."

सासऱ्यांनी तळ्याकडे एकवार पाहिलं आणि काठी आडवी धरून परतीची वाट अडवली.

"घरी पोलीस आलेच नव्हते, जावईबापू."