अँथुरियमसाठी वारा

आणखी एक पान काठाने करपलं, तेव्हा केसरीनाथने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कीड नव्हती. बुरशीही नव्हती.

"हवा कोंडते," दारातून त्याची बायको हौसा म्हणाली. "मानसं गुदमरतात, तं झाडां न्हाय गुदमरनार?"

टेमघरला लूमच्या कारखान्यामागे त्याची ही बंद खोली होती. लग्नाच्या मंडपांना अँथुरियमची फुलं पुरवायची, या बेताने त्याने कुंड्या लावल्या होत्या. प्लायवूडच्या भिंतीपलीकडे गुणाबाई आणि दोन बायका दिवसभर लूमसाठी कांड्यांवर सूत भरायच्या. तिथेही खिडकी नव्हती.

"शेठ, सुताचं तूस छातीत जातंय, खोकला थांबत न्हाय," असं गुणाबाई दिवाळीत बोलली होती.

"वारा लागला का सूत सुकतं, तुटतं," म्हणून त्याने विषय संपवला होता.

झाडांसाठी मात्र त्याने भंगारवाल्याकडून जुना एक्झॉस्ट फॅन आणला आणि छताखाली भोक पाडून बसवला. आठवडाभरात आणखी पानं करपली.

"फॅन तं फिरतोय!" तो वैतागला.

"लाइट गेल्यावर कुठं फिरतो? आन बाहेर जाते तेवढी हवा आत येते कुठून?" हौसा म्हणाली.

तेही खरं होतं. भारनियमनात दुपारभर सगळं ठप्प असायचं. त्याने प्लायवूड खालून कापलं आणि मच्छरदाणीची जाळी ठोकली. आता तूस पानांवर बसू लागलं, आणि पानं करपायची ती करपतच राहिली.

तो चक्रावून पडघ्याच्या नर्सरीवाल्याकडे गेला.

"हवा बरोबर केलीत. पाणी कसलं घालता?"

"घरच्या विहिरीचं. तेच आम्ही पितो. बायको स्वतः घालते."

नर्सरीवाल्याने खांदे उडवले. केसरीनाथला रस्ताभर काही उमगेना. एवढं करूनही चुकतंय कुठे?

खोलीत परतून त्याने प्लायवूडला खाली ठोकलेली जाळी पुन्हा बघितली. मग म्हणाला, "पलीकडं बायका बसतात तिथल्या बाहेरच्या भिंतीला खिडक्या पाडतो. खालून वारा आत, वरून बाहेर. लाइट असो का नसो."

"आन सूत?" हौसाने विचारलं.

"सुताला पानी मारू. झाडां मेली तं काय करू?"

जुन्या ग्रिलच्या दोन मोठ्या खिडक्या बसल्या. पहिल्या दिवशी गुणाबाई काम सोडून नुसतीच खिडकीशी उभी राहिली. केसरीनाथने बघितलं, पण तो ओरडला नाही. त्याचं लक्ष कुंड्यांकडे होतं.

महिन्याभरात कोवळं, चकचकीत पान उलगडलं. मग दुसरं. पलीकडचा खोकलाही कमी झाला होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खोलीत नेऊन सांगायचा, "सगळा खेळ हवेचा हाय. माझ्या डोक्यात जरा उशिराच आला."

"व्हय," हौसा म्हणायची आणि कुंड्यांना पाणी घालायची. त्या पाण्यात मीठ कालवणं तिने खिडक्या बसल्या त्याच दिवशी बंद केलं होतं.