मोहिनीच्या डोक्याचा अंदाज

"डोस्कं कसं हाये?" रूपरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

देवळीच्या अलीकडच्या त्यांच्या शेतात दोन एकर सोयाबीन कापून, ढीग घालून वाळत पडलं होतं. पश्चिमेकडे आभाळ राखेच्या रंगाचं झालेलं आणि वारा अगदी थांबलेला. रूपराव आभाळाकडे बघतच नव्हते. ते सुनेच्या कपाळाकडे बघत होते.

गेल्या बावीस दिवसांत ते कपाळ एकदाही ठणकलं नव्हतं, आणि हे मोहिनीला कुणालाच सांगता येत नव्हतं.

हवेचा दाब उतरला की हिची अर्धशिशी उठते, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं उपचारासाठी, घराने ते शेतीच्या कामाला लावलं. मोबाइलवरचा अंदाज चुकायचा, मोहिनीचं डोकं चुकायचं नाही. मागच्या हंगामात मात्र ती डॉक्टरांची गोळी रोज घ्यायला लागली. डोकं गप्प राहिलं आणि कापलेला माल भिजून काळा पडला. तेव्हाच घरात ठरलं, माल घरी येईपर्यंत गोळी बंद. तिला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. यंदा केळझरला माहेरी गेली तेव्हा तिने गुपचूप गोळ्या आणल्या आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवल्या; रोज एक चोरून घेत होती.

तिचा नवरा गोपाल घडी घातलेल्या ताडपत्रीवर बसून होता. शेंगा अजून ओलसर होत्या. उगाच गोळा करून झाकल्या तर आतल्या आत बुरशी धरणार आणि न झाकता पाऊस आला तर सगळंच जाणार. पलीकडच्या बांधावरून ओमप्रकाशनेही विचारून घेतलं, वहिनी काय म्हणतात म्हणून.

"मामाजी, आभायाकडं पाहा ना जरा," मोहिनी म्हणाली.

"आभाय लय खेपा खोटं बोललं, पोरी. तुयं डोस्कं नाई बोललं."

दुखत नाही म्हणावं आणि पाऊस यावा, तर तांदळाचा डबा उपसला जाणार. दुखतं म्हणावं आणि पाऊस न यावा, तर सडलेल्या शेंगा तिच्याच माथी. पाऊस येणार की नाही हे तिलाही या सगळ्यांइतकंच ठाऊक होतं. त्यांना विचारायला ती तरी होती.

तिने डोक्यावरचा दुपट्टा काढला, कपाळावर करकचून बांधला आणि खाली बसली.

"उठलं," ती म्हणाली.

पुढे कुणी काही विचारलं नाही. गोपाल ताडपत्री घेऊन पळाला. मजूर बाया ढीग उचलायला धावल्या. ओमप्रकाशच्या शेतातही आरडाओरडा सुरू झाला. मोहिनी नेहमीसारखा एक डोळा मिटून एकटीच घरी आली आणि अंधाऱ्या खोलीत आडवी झाली.

तासाभराने टिनावर पहिला थेंब वाजला आणि मग धो धो सुरू झालं. ती ऐकत राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या घरातला असा पाऊस तिने कधी ऐकलाच नव्हता. दर वेळी डोक्यात घण पडत असायचे; मागच्या साली पडले नाहीत, तर ती शेतात भिजणारा माल उचलत होती. तिने उठून खिडकी बोटभर उघडली. गार वारा तोंडावर आला आणि तिला एकदम रडू आलं.

ओसरीवर पावलं वाजली. तिने खिडकी लोटली आणि डोळे मिटून घेतले.

रूपराव दारात उभे होते, नखशिखांत भिजलेले. ते कुजबुजत बोलले.

"लय दुखून राह्यलं का?"

"लय."

"एक दाना भिजला नाई आपला." त्यांचा आवाज खरंच मायेचा होता. "असंच दुखू दे, पोरी. आनखी आठ रोज."

जाताना त्यांनी दार अलगद ओढून घेतलं, तिला उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून.