परत जाणारे खोके

"तुमच्याकडून फार माल परत येतो," लार्राझ म्हणाला. तो पार्सल कंपनीचा माणूस. सकाळच्या बसने सारागोसाहून आला होता. "या भागातल्या बाकीच्या दुकानांच्या तिप्पट."

होर्तेन्सिया गल्ल्यामागे उभी होती. दुकान दोरे, बटणं आणि लोकरीचं. लोकांनी ऑनलाइन मागवलेले कपडे गेल्या वर्षापासून तिच्याकडे उतरत आणि गावकरी ते इथून नेत. खोका न्यायला आलेलं माणूस जाताना एखादं रीळ, एखादा मोज्यांचा जोड घेई. त्यावर दुकान तगून होतं.

"मी काही करत नाही," ती म्हणाली. "येतात तसे देते."

"आणि मग?"

"मग लोक इथेच घालून बघतात. आत आरसा आहे."

"आणि मग?"

"मग मला विचारतात."

"तिथे गप्प बसायचं. खोका द्यायचा, मत द्यायचं नाही. नाहीतर पुढच्या महिन्यापासून आमचा माल पेट्रोल पंपावर उतरेल."

होर्तेन्सियाने मान डोलावली. पंपावरून खोका नेणारं माणूस तिच्या दारात कशाला येईल, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

कोपऱ्यात फेलीसा आजी लोकर निवडत बसल्या होत्या. "मीही बोलायचं नाही का, साहेब?"

"तुमच्याशी आमचा करार नाही, आजी."

"बरं झालं. या वयात आणखी कुठे अडकायचं."

पडदा सरकला आणि बेकरीवाली एन्कार्ना बाहेर आली. अंगात मोहरीच्या रंगाचा नवा झगा. तिने स्वतःभोवती एक फेरी घेतली.

"सांग गं."

होर्तेन्सिया बटणं रंगाप्रमाणे लावू लागली.

"होर्तेन्सिया, कसा दिसतो?"

"पिवळा आहे," ती विचार करून म्हणाली.

एन्कार्ना आरशाकडे वळली, परत आली. "इतका वाईट आहे?"

"मी काही म्हटलं नाही."

"तेच म्हणते मी. मागच्या वेळी कोट बघून तू म्हणालीस, उंदरांनी शिवलाय. तेव्हासुद्धा एवढी धास्ती वाटली नव्हती."

लार्राझने घसा साफ केला.

"शोभतो हो तुला," फेलीसा आजी म्हणाल्या.

"तुम्हाला दिसतं तरी का, आजी? काल माझ्या नवऱ्याला फादर समजून आशीर्वाद मागितलात."

"दिला की त्याने."

एन्कार्नाची नजर लार्राझवर येऊन थांबली. "तुम्ही कंपनीचे ना? मग तुम्हीच सांगा. शनिवारी भाचीचं लग्न आहे. जेवणानंतर पहिला खोता मलाच नाचायचाय, सगळ्या वऱ्हाडासमोर."

लार्राझने होर्तेन्सियाकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. 'छान आहे' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण खोता हा इथला, आरागोन प्रांताचा लोकनाच, आणि तोही आरागोनचाच होता. त्याच्या आईने प्रत्येक लग्नात खोता नाचून गुडघे घालवले होते.

"खोता नाचायचा तर हात डोक्यावर जायला हवेत," तो म्हणाला. "वर करा बघू."

एन्कार्नाने हात उचलले. ते कानापाशी अडकले. पाठीतली शिवण ताणली जाऊन पांढरे टाके दिसू लागले.

"आणखी वर."

"जात नाहीत."

"मग हा चालायचा नाही," लार्राझ म्हणाला. "पहिल्याच गिरकीला उसवेल."

"बघ," एन्कार्ना होर्तेन्सियाला म्हणाली, "असं सांगायचं असतं." आणि ती पडद्याआड गेली.

काय बोलून बसलो, ते लार्राझच्या तेव्हा लक्षात आलं. होर्तेन्सियाने खणातून चिकटपट्टी काढली, झग्याचा रिकामा खोका त्याच्यासमोर ठेवला आणि चिकटपट्टी त्याच्या हातात दिली.

"जाऊ नका हं, साहेब," आतून आवाज आला. "अजून एक आहे, हिरवा."

लार्राझने घड्याळ पाहिलं. मग ओव्हरकोट काढून खुंटीला लावला. फेलीसा आजींनी शेजारच्या खुर्चीवरचे लोकरीचे गुंडे मांडीवर घेतले आणि त्याला जागा करून दिली.