मऊ हात

या वेळी बाबांनी दात आवळले नाहीत.

थोरलीने अंगठ्याने त्यांची हनुवटी खाली ओढली आणि ब्रश आत घातला. आधी मागच्या दाढा, मग पुढचे दात, मग आतली बाजू. सिस्टर सलाइनची नळी गुंडाळत होती. ती हलकेच म्हणाली, "ताई, आता कशाला? गेले ते."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "माझं काम अर्धवट राहिलं होतं."

धाकटी दाराशीच उभी होती. आत यायचा तिला धीर होईना.

त्याआधी, त्याच दुपारी.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाबांच्या जबड्याखाली गळू झालं होतं, न्यूमोनियाने दोन्ही फुफ्फुसं भरली होती. बाईंनी विचारलं ते मात्र भलतंच.

"दात कोण घासायचं त्यांचे?"

"कुणीच नाही," धाकटी म्हणाली. "हिरड्यांतून रक्त यायचं. म्हणून मी बंद केलं."

"अहो, रक्त येतं म्हणूनच घासायचे असतात."

बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. दातांच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही की हिरड्या सुजतात, दातांपासून सुटतात. जंतू मुळांपर्यंत उतरतात. लकवा झालेल्या माणसाला धड गिळता येत नाही. झोपेत लाळ श्वासनळीत जाते. लाळेबरोबर जंतूही.

धाकटी आपल्या हातांकडे बघत राहिली.

त्याआधी, बरेच दिवस.

धाकटीने आपलं ब्यूटी पार्लर बंद ठेवलं होतं. हात म्हणजे लोणी, असं तिची गिऱ्हाइकं म्हणायची. त्या हातांनी ती बाबांची पाठ पुसायची, नखं कापायची, झोपताना चमच्याचमच्याने गोड दूध पाजायची. ओठ ओल्या फडक्याने टिपायची. बस्स, तेवढंच. शेजारीण म्हणायची, "लेक असावी तर अशी." पुढे खोलीत वास येऊ लागला. धाकटीला वाटलं, औषधांचा असेल. तिने उशीवर गुलाबपाणी शिंपडलं.

आणि त्या सगळ्याच्या आधी, एक सकाळ.

तेव्हा बाबा थोरलीकडे होते. ती शाळेत पीटी शिकवायची. लकव्यानंतर बाबांजवळ एकच शब्द उरला होता: "पुरे." ती ब्रश घेऊन आली की ते दात आवळायचे, मान फिरवायचे. ती एका हाताने जबडा धरायची. "पुरे! पुरे!" नेमकी त्याच वेळी धाकटी भेटायला आली. तिला भांड्यातला गुलाबी फेस दिसला.

"अगं, रक्त येतंय! माणूस आहेस की कोण? बाप आहे तो आपला. तुझ्या शाळेतलं कार्टं नाही, कवायत करून घ्यायला!"

थोरलीने भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. "बघ ना. आधीपेक्षा किती कमी झालंय."

"कमी? लाज नाही वाटत बोलायला?"

थोरलीला शिट्टी वाजवून सांगायची सवय. समजावून सांगणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने भांडं खाली ठेवलं. "बरं. तुझे हात मऊ ना? ने मग. सांभाळ तूच."

ती कपाटातून बाबांचे कपडे काढायला आत गेली. धाकटीने ब्रश केराच्या डब्यात टाकला. बाबांच्या गालावरून हात फिरवला. "आता तुमच्या तोंडाला कुणी हात लावणार नाही हं, बाबा."

कितीतरी दिवसांनी बाबा हसले. वाकडं, पण तोंडभर. त्यांच्या हिरड्यांची सूज उतरत आली होती.