आधीचा फोटो

महेश्वरीच्या नाकावरची पट्टी काढायच्या आधी अक्षतानं रिंगलाइट लावला. दवाखान्याची रील्स बनवायचं काम तिच्याकडं होतं. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्याकडं वळवलं, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "मी कुठल्या बाजूनं उभा राहू?" पेशंट खुर्चीत डोळे मिटून बसली होती. प्रश्न अक्षताला होता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर महेश्वरीची आई, शिवलीला, मांडीवर डबा घेऊन बसली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ती टॉवेलांच्या कडा शिवते. आज अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. डब्यात शिरा होता. आठ दिवसांत पोरीनं धड चावून काही खाल्लं नव्हतं.

पट्टी निघाली. बारीक, शेंड्याला जरा उचललेलं नाक बाहेर आलं. डोळ्यांखाली अजून हिरवेपिवळे डाग होते. अक्षतानं त्यांवर क्रीम थापलं.

"आरसा द्या की," महेश्वरी म्हणाली.

"थांब. पहिली रिअ‍ॅक्शन कॅमेऱ्यात पाहिजे."

कॅमेरा सुरू झाला, मग आरसा आला. महेश्वरीनं पाहिलं. फोनमधला फिल्टर तीन वर्षं रोज तिला लावून दाखवायचा ते नाक हेच. फिल्टर काढता यायचा. तिचा हात नाकाकडं गेला आणि मध्येच थांबला.

"रडू आलं तर रड," डॉक्टर म्हणाले. "आनंदाश्रूंना व्ह्यूज चांगले येतात."

ती रडली.

"आवाज नाही आला. परत," अक्षता म्हणाली.

ती परत रडली. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.

"आता आधीचा फोटो लाव," डॉक्टर अक्षताला म्हणाले. "ऑपरेशनच्या दिवशी काढलेला."

महेश्वरी ताडकन सरळ झाली. "तो नको, सर. प्लीज. कॉलेजातली सगळी बघतील."

"अगं, आधीचा नसेल तर नंतरच्याला काय अर्थ?"

अक्षताची नजर खोलीभर फिरली आणि स्टुलावर येऊन थांबली.

"सर," ती म्हणाली, "सेम नाक."

इतक्या वेळात डॉक्टरांनी शिवलीलाकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. समोरून पाहिलं, मग बाजूला सरकून बाजूनं पाहिलं. "अरे, डिट्टो!" ते खूश होऊन म्हणाले. "हाडसुद्धा तेच." मग महेश्वरीला विचारलं, "चालेल ना तुला?"

महेश्वरीनं आईकडं पाहिलं नाही. "चालेल की. मम्मीला कोण ओळखतंय तिथं?"

घरी ती तिला अव्वा म्हणायची.

शिवलीलाला वाटलं, दोघींचा फोटो काढतायत. ती लगबगीनं उठली. डबा स्टुलावर ठेवला, पदराच्या टोकानं तोंड पुसलं, केस कानामागं घेतले आणि लेकीच्या खुर्चीशेजारी जाऊन हसत उभी राहिली.

"तिथं नाही, काकू. इकडं भिंतीपाशी. एकट्याच. आणि हसू नका."

अक्षतानं रिंगलाइट बंद केला.

"दिवा का गं घालवलास?" शिवलीलानं विचारलं.

"आधीच्याला लाइट नसतो."

फोटो निघाला. बोटं भराभर फिरवून अक्षतानं फोन तिच्यापुढं धरला. "बघा काकू, कसलं भारी आलंय."

पडद्याचे दोन भाग होते. डावीकडं शिवलीलाचा चेहरा, काळवंडलेला, तोंड मिटलेलं. त्याच्यावर लिहिलं होतं, 'आधी'. उजवीकडं उजेडात महेश्वरी. तिच्यावर 'नंतर'. शिवलीलानं ओठ हलवत दोन्ही शब्द वाचले. मग पुन्हा पहिला वाचला.

"आदी म्हंजे काय, सायेब?"

"म्हणजे ऑपरेशनच्या आधी हिचं असं होतं, एवढंच," डॉक्टर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. मनात आलं तर तुमचंही करू. वयाचं काही नसतं त्यात."

"तुमची आई हाय न्हवं?"

"आहे की. पुण्यात असते."

"तिचा बी काडलाय का असा, भितीला हुबं करून?"

डॉक्टर हसले. आणखी कुणी हसेल म्हणून त्यांनी अक्षताकडं पाहिलं. ती रीलला गाणं शोधत होती.

"मम्मी, गप की," महेश्वरी दात आवळून म्हणाली. "फोटोच तर हाय."

शिवलीलानं स्टुलावरचा डबा उचलला आणि जिना उतरायला लागली. महेश्वरी मागून आली. वाटेत गाडीच्या काचेत, दुकानाच्या काचेत, जिथं मिळेल तिथं ती स्वतःला बघत होती.

कोपऱ्यावर शेअर रिक्षा भरत होती. आत सोजरबाई बसली होती. कारखान्यात ती शिवलीलाच्या शेजारच्या मशीनवर असते. महेश्वरीला तिनं शेवटचं पाहिलं ते शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली.

"ये की, शिवलीला. जागा हाय," सोजरबाई म्हणाली आणि सरकली. शिवलीला तिला खेटून बसली. महेश्वरी समोरच्या फळीवर बसली, डोक्यावरची ओढणी गळ्यापर्यंत खाली घेतली, मान जरा तिरकी केली आणि सोजरबाईकडं बघून हसली. मघाशी कॅमेऱ्यासमोर हसली होती तशीच.

सोजरबाईनं तिला निरखून पाहिलं. मग शिवलीलाच्या कानाशी वाकली, पण आवाज काही कमी केला नाही. "लई देकनी पोरगी हाय गं. तुज्यासंगं हाय व्हय? कोन म्हनायची?"

महेश्वरी खुलली. तिनं आईकडं पाहिलं.

शिवलीलानंही तिच्याकडं पाहिलं, चांगलं सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"काय की," ती म्हणाली. "दवाखान्यात भेटली."